वजनाचा काटा बाजूला ठेवून

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : किशोरवयीन मुलींचे आरोग्य

दिवाळीनंतर आलेल्या पत्रांमध्ये यंदा एकच विषय पुन्हा पुन्हा आला, तो म्हणजे मुलीचे वजन. काही पत्रे मुलींनी स्वतः लिहिली आहेत, काही त्यांच्या आयांनी आणि एक आजीने. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी दहावीत शिकते. वय १५, उंची १५८ सेंटिमीटर. सातवीत माझी उंची १४६ आणि वजन ३८ किलो होते. दिवाळीपर्यंत वजन ५३ झाले. दिवाळीत मामेबहिणीच्या साखरपुड्याला सगळ्या पाहुण्यांसमोर एक काकी म्हणाल्या, “केवढी सुटलीस गं!” तेव्हापासून मी भात आणि भाकरी सोडली आहे. सकाळी ग्रीन टी, डब्यात काकडी आणि रात्री एक वाटी आमटी एवढेच घेते. घरी विचारले तर उपवास आहे असे सांगते. वजन आता ४८ आहे. पण केस गळतात, प्रार्थनेला उभी असताना दोनदा चक्कर आली आणि दोन महिने पाळी आलेली नाही. वाचलेले लक्षात राहत नाही. वजन ४५ झाले की मी पुन्हा नीट जेवणार आहे. तोपर्यंत अशक्तपणा येऊ नये म्हणून काय घ्यावे?
– एक विद्यार्थिनी, शिवाजी पेठ

उत्तर : तू पत्र लिहिलेस हे फार बरे केलेस, आणि पाळी थांबल्याची गोष्ट लपवली नाहीस हे त्याहूनही बरे. म्हणून सर्वांत महत्त्वाचे ते आधी सांगते. ४५ किलोपर्यंत थांबायचे नाही. दोन-अडीच महिन्यांत पाच किलो, म्हणजे शरीराच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतके वजन उतरणे, चक्कर येणे आणि पाळी न येणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्याला डाएट म्हणत नाहीत. ती आजाराची सुरुवात असते. हे पान आज रात्रीच आईला वाचायला दे आणि या आठवड्यात दोघी मिळून बालरोगतज्ज्ञांकडे किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. तेथे तुझी नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि रक्तातील क्षार तपासतील. मधल्या काळात छातीत धडधडले किंवा शुद्ध हरपली, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

आता तुझ्या आकड्यांकडे पाहू. सातवीपासून तुझी उंची बारा सेंटिमीटरने वाढली. एवढी उंची वाढते तेव्हा हाडे लांब आणि जाड होतात, स्नायू वाढतात, अंगातले रक्तही वाढते, आणि या सगळ्याला वजन असते. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. तुझा दिवाळीतला बीएमआय २१ च्या थोडा वर येतो. अठरा वर्षांखालील मुलींचा बीएमआय मोठ्या माणसांच्या पट्टीने मोजत नाहीत, भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली दिलेल्या वयानुसारच्या तक्त्यावर पाहतात, आणि त्या तक्त्यावर तू दिवाळीत निरोगी पट्ट्यात होतीस. काकींना जे दिसले ते तुझे वयात येणे होते. पाळी सुरू होण्याच्या सुमारास मुलीच्या अंगातील चरबीचा वाटा वाढतो आणि हळूहळू शरीराच्या पाव हिश्श्याच्या आसपास पोहोचतो. कंबर, मांड्या आणि छाती भरते. ही शरीराची तयारी आहे, ती तुझ्या खाण्याची चूक नाही.

शरीराला पुरेसे अन्न मिळेनासे झाले की मेंदू पहिली काटछाट करतो ती ज्यांच्याविना तूर्त भागते त्या कामांत, आणि पाळी हे त्यांतले एक. पाळी थांबते त्याबरोबर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होते, आणि इस्ट्रोजेन कमी झाले की हाडांत कॅल्शियम भरण्याचे काम मंदावते. मुलीच्या हाडांचा सुमारे नव्वद टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत तयार होतो. या वर्षांत राहिलेली तूट पुढे भरून काढणे फार अवघड जाते, आणि तिची किंमत साठीत मनगट किंवा खुबा मोडतो तेव्हा कळते. केस गळतात तेही याच काटकसरीमुळे. अभ्यास डोक्यात शिरत नाही याचेही नवल वाटायला नको, कारण आपण खातो त्यातली साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० कॅलरी लागतात. काकडी आणि एक वाटी आमटी यांतून त्याचा पाव भागही मिळत नाही.

तेव्हा ‘काय घ्यावे’ या प्रश्नाचे उत्तर टॉनिक हे नाही, जेवण हे आहे. मात्र इतके दिवस पोट मारल्यावर एका दिवसात पूर्ण ताट वाढून घेऊ नकोस; डॉक्टर सांगतील त्या गतीने वाढव. सकाळी ग्रीन टीऐवजी कपभर दूध आणि एक थालीपीठ किंवा उकडलेले अंडे घे. डब्यात चपाती आणि मटकीची उसळ ने, मधल्या सुट्टीला मूठभर शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू. रात्री भाकरी, मेथी, पोकळा किंवा चाकवताची भाजी, आमटी-भात, आणि वर लिंबाची फोड पिळ, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतले लोह अंगी लागते. पहिले काही दिवस जेवणानंतर पोट जड वाटेल आणि आपण फुगलो असे वाटेल. आकसलेली पचनशक्ती पूर्ववत होईपर्यंत तसे वाटते, मग ते ओसरते.

उपवासाबद्दलही स्पष्ट लिहिते. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये संकष्टी, गुरुवार आणि नवरात्र ही न जेवण्याची सबब झालेली मी पाहते. तिथे कोणी प्रश्न विचारत नाही म्हणून ती सबब सोपी पडते. आयांना माझी विनंती आहे की वाढीच्या वयातली मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस ‘उपवास’ धरू लागली, जेवण झाल्याबरोबर न्हाणीघरात जाऊ लागली किंवा सगळ्यांबरोबर ताटावर बसणे टाळू लागली, तर तिच्याजवळ बसून शांतपणे विचारा.

माझ्या दवाखान्यात वजनाचा काटा खिडकीपाशी आहे. परवा तुझ्याच वयाची एक मुलगी त्यावर चढण्यापूर्वी चपला काढून उभी राहिली. मग तिने घड्याळ काढले, ओढणी काढून खुर्चीवर ठेवली आणि शेवटी केसांतल्या दोन पिना काढून आईच्या हातात दिल्या. काट्यावर चढताना तिने श्वास रोखून धरला होता. त्या दिवसापासून मी मुलींना काट्यावर पाठमोरे उभे करते आणि आकडा फक्त कागदावर लिहिते. तूही घरातला काटा आईला उचलून ठेवायला सांग. काकींच्या जिभेला आपण आवर घालू शकत नाही, पण आई पुढच्या वेळी एवढे नक्की म्हणू शकते : “वहिनी, आमच्या घरात मुलींच्या अंगावरून बोलत नाही. तुम्ही फराळ घ्या.” आणि मनात वजनाचेच विचार घोळत राहिले, खाल्ल्यावर अपराधी वाटू लागले, तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतून, फुकट आणि नाव न सांगता बोलता येते.

प्रश्न : माझी मोठी मुलगी १३ वर्षांची आहे, वजन ६४ किलो. धाकटी काडीसारखी आहे. मोठीला पाळी सुरू होऊन वर्ष झाले, पण ती दीड-दोन महिन्यांनी येते. शेजारच्या बाई म्हणाल्या की हा पीसीओएस, म्हणजे संप्रेरके बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार आहे. मी तिचा भात बंद केला, रोज सकाळी वजन करते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. तरी वजन उतरत नाही. परवा गादीखाली वेफर्सच्या आणि क्रीमच्या बिस्किटांच्या रिकाम्या पुड्या सापडल्या. मी खूप बोलले, ती खूप रडली. कृपया कडक डाएट चार्ट द्यावा.
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : तुमची काळजी खरी आहे आणि ती मुलीच्या भल्यासाठीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही चार्ट मी देणार नाही, कारण त्या रिकाम्या पुड्या चार्टमुळेच गादीखाली गेल्या आहेत. ताटातला भात काढून घेतलेले मूल उपाशी राहते आणि उपाशी मूल मिळेल ते, मिळेल तेथे, घाईघाईने आणि लपून खाते. त्यानंतर त्याला स्वतःची लाज वाटते आणि लाजेने ते पुन्हा खाते. कॅलेंडरवर लिहिलेला आकडा घरात येणारा प्रत्येकजण वाचतो, हेही ध्यानात घ्या. ते पान आजच काढून टाका.

पाळीविषयी आधी सांगते. पहिली दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे होणे पुष्कळ मुलींमध्ये स्वाभाविक असते, आणि एवढ्या लवकर पीसीओएसचा शिक्का मारायला अनुभवी डॉक्टरही धजत नाहीत. पाळी सलग तीन महिन्यांहून अधिक काळ आली नाही, चेहऱ्यावर किंवा हनुवटीखाली राठ केस वाढू लागले, अथवा मानेच्या मागची आणि काखेतली त्वचा काळपट, मखमलीसारखी जाड दिसू लागली, तर तपासणी अवश्य करा. मानेवरचा तो काळेपणा मळाचा नसतो. अनेक आया तो घासून काढायचा प्रयत्न करतात आणि मुलीला सालटी निघेपर्यंत दुखवतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही याची ती खूण असते आणि तिच्यासाठी रक्तातील साखर तपासावी लागते. मुलीची उंची तुम्ही लिहिलेली नाही. तीही डॉक्टरांना मोजू द्या. वाढत्या वयात बहुतेक वेळा वजन उतरवायचे नसते, ते काही काळ आहे तेथे ठेवून उंचीला वाढू द्यायचे असते.

बदल करायचा तो सगळ्या घराने, एकट्या मोठीने नाही. धाकटी काडीसारखी आहे म्हणून तिला बिस्किटे आणि मोठीला काकडी, असे दोन बहिणींच्या दोन ताटांत दोन न्याय केलेत तर ते दोघींनाही जन्मभर लक्षात राहील. शिवाय काडीसारख्या मुलीचे हिमोग्लोबिन बहुधा कोणी तपासलेलेच नसते. घरातून कोल्ड्रिंक, पाकीटबंद वेफर्स आणि चहाबरोबरची खारी-बटर ही सर्वांसाठीच कमी करा. भात परत आणा, पण ताटात आधी भाजी आणि उसळ वाढा. दुपारच्या भुकेला हाताशी काहीतरी खरे असू द्या : भाजलेले फुटाणे, शेंगा, केळी, ताक. रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा होत असेल तर तो होऊ द्या आणि मुलीने पोटभर जेवावे. आठवड्याला एकदा घरी केलेल्या मटणाने कोणी लठ्ठ होत नाही, आणि ते तिच्यासमोर सगळ्यांनी खायचे आणि तिने नुसते बघायचे ही शिक्षा कोणत्याही मुलीला देऊ नये. तेलाचा कट तेवढा वाटीत वेगळा काढून ठेवता येतो.

व्यायामाला ‘वजन कमी करायला चल’ असे म्हणून नेऊ नका. संध्याकाळी रंकाळा तलावावर तिच्याबरोबर तुम्हीच चाला, आणि चालताना शाळेतल्या मैत्रिणींबद्दल बोला. झोप आठ ते दहा तास हवी. रात्री बारापर्यंत मोबाईल पाहणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी भूकही जास्त लागते आणि गोडाची ओढही. आणि ज्या दिवशी रागावलात त्याबद्दल मुलीची माफी मागायला संकोच करू नका. “त्या पुड्यांवरून मी बोलले ते चुकले, भूक लागली की मला सांग,” एवढे वाक्य पुरेसे आहे.

प्रश्न : माझे वय १७. मी तालमीत मर्दानी खेळ शिकते, लाठी आणि दांडपट्टा फिरवते, शिवाय कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळते. माझे खांदे आणि दंड भरले आहेत. आत्या म्हणते, मुलीची जात, पुरुषासारखी दिसशील, लग्न कसे जमेल. जिममधल्या एका दादाने प्रोटीन पावडर घ्यायला सांगितली आहे. पाळीच्या दिवसांत खेळावे का, हेही सांगावे.
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : पुरुषांचे स्नायू फुगतात ते मुख्यतः टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे, आणि ते स्त्रीच्या शरीरात फार थोडे असते. लाठीने तुझे खांदे बळकट होतील, रुंद दिसतील, आणि ते तुझेच खांदे असतील. याच कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले आणि राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकले. हातातले शस्त्र तासन्‌तास न हलता स्थिर धरण्यासाठी पाठ, खांदे आणि दंड यांत जे बळ लागते, ते आत्यांच्या कल्पनेतल्या नाजूक अंगात मावत नाही. जागतिक आरोग्य संघटना तुझ्या वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगते. धावणे, उड्या, बैठका आणि लाठी यांत हे सगळे आले. ज्या वयात मुलींनी मैदानावर सर्वांत जास्त यायला हवे त्या तेराव्या-चौदाव्या वर्षीच आपण त्यांना घरात बसवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पावडरीची गरज नाही. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या दोन भाकरींतून दहा-बारा ग्रॅम मिळतात, एक वाटी आमटी आणि एक वाटी उसळ यांतून बारा, दोन अंड्यांतून बारा, पेलाभर दुधातून सहा-सात आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात. बेरीज पन्नासच्या घरात जाते. सरावाचा ताण असेल त्या दिवशी उसळ वाढव किंवा अंड्याची पोळी खा. अंडी चालत नसतील तर हुलग्याचे माडगे आणि दही आहेच. कॅल्शियमसाठी दूध घे, नाचणीची आंबील घे. दूधकट्ट्यावरचे धारोष्ण दूध ही आपली हौस आहे हे मला माहीत आहे, तरी मुलींनी तापवलेलेच दूध प्यावे, कारण कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

पाळीत खेळायला काहीही हरकत नाही. पुष्कळ मुलींना हालचालीने ओटीपोटाची कळ कमी झाल्यासारखी वाटते. फार दुखत असेल त्या दिवशी विश्रांती घे. मात्र सराव वाढला आणि पाळी येईनाशी झाली, तर ते तयारीचे लक्षण समजू नकोस. खाणे श्रमाला पुरत नाही असा त्याचा अर्थ असतो. आणखी एक गोष्ट मुली विचारायला लाजतात म्हणून न विचारताच लिहिते : मापाची, घट्ट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा वापर. धावताना छाती दुखते किंवा लोक पाहतात म्हणून खेळ सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि हा अगदी टाळता येण्याजोगा तोटा आहे.

प्रश्न : नात १४ वर्षांची आहे. तिचे हिमोग्लोबिन साडेनऊ निघाले. मी तिला रोज गूळ-शेंगदाणे देते, तरी सहा महिन्यांत वाढले नाही. शाळेत सोमवारी निळी गोळी देतात, ती मळमळते म्हणून टाकून देते. गूळ आपल्याच घरच्या गुऱ्हाळाचा, चांगला आहे.
– एक आजी, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : आजी, तुमच्या गुळाबद्दल तक्रार नाही. पण दहा ग्रॅमच्या खड्यातून लोह मिळते ते जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि नातीला दिवसाला लागते सुमारे तीस. शेंगदाणे द्याच, त्याबरोबर आळिवाचा लाडू, पालेभाजी, कडधान्ये आणि घरात चालत असेल तर मटण-कलेजी द्या. साडेनऊ हे मात्र केवळ खाण्याने लवकर भरून येत नाही. या वयात ते बाराच्या वर हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, त्यामुळे तुमच्या नातीचे काही जगावेगळे झाले आहे असे समजू नका.

शाळेतली निळी गोळी आठवड्याला एकदाची असते, ती रक्त कमी होऊ नये म्हणून. कमी झालेल्या मुलीला डॉक्टर रोजची मात्रा देतील, आणि जंताचे औषध झाले नसेल तर तेही. पाळीत रक्तस्राव फार होतो का, हे त्यांना आठवणीने सांगा. मळमळ होऊ नये म्हणून गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर द्या. शौचास काळे होईल, त्याला घाबरू नका. जेवण किंवा गोळी आणि चहा यांच्यात निदान तासाचे अंतर ठेवा. तुम्ही दोघी चार वाजता एकत्र चहा घेत असाल तर गोळी रात्रीच्या जेवणानंतरची धरा. महिन्याने पुन्हा रक्त तपासा, एखाद्या अंकाने वाढलेले दिसेल. वाढले म्हणून तेथे थांबू नका. साठा भरेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, गोळी चालू ठेवावी लागते.